फिरोजचा उजवा पाय

राहू गावच्या फिरोज तांबोळीच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी साधी शिट्टीसुद्धा सुरात वाजवली नव्हती. आजोबा आठवडे बाजारात पानं विकायचे, वडील बद्रुद्दीनभाई अजूनही चौकातल्या गाळ्यात सदरे शिवतात, आणि फिरोज रोज सकाळी मोटारसायकलवर टांग टाकून नदीचा पूल ओलांडायचा आणि सणसवाडीला पत्रा दाबायला जायचा. असल्या माणसानं पस्तिशी उलटल्यावर गिटार धरली. गावानं हसून घेतलं, बायकोनं कपाळावर हात मारला. तिथंच सगळं थांबलं असतं तर फार बरं झालं असतं.

पत्रा दाबायचा म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पॉवर प्रेस म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीचं लोखंडी धूड. खाली एक साचा, वर एक साचा. मधल्या फटीत सपाट पत्रा सरकवायचा, पायानं पॅडल दाबायचं, की वरचा साचा धप्पदिशी खाली येतो आणि पत्र्याचा गाडीच्या दाराला लागणारा तुकडा होतो. त्याला सगळे जॉब म्हणतात. पुढून पत्रा ठेवायचा फिरोज. मागून जॉब काढायचा हौशीराम. पॅडल फिरोजच्या पायाखाली आणि हात हौशीरामचा साच्यात. एवढी गोष्ट ध्यानात राहू द्या.

तुम्ही म्हणाल, असली जीवघेणी सोय कुणी केली? तर मशीन नवी आली तेव्हा तशी नव्हतीच. पुढच्या बाजूला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय साचा हलायचा नाही. मागच्या बाजूला सेन्सर होता, तिथं कुणाचं बोट जरी आत असलं तरी मशीन जागच्या जागी गप्प. पण बटणं दाबण्यात वेळ जातो आणि सेन्सर उगाच मशीन बंद पाडतो, असं साहेबलोकांना वाटायला लागलं. मग एक दिवस चावी फिरवून सेन्सर झोपवला आणि बटणांच्या जागी पॅडल आलं. त्या लाइनच्या सगळ्याच मशीनींचं तसं होतं. कुणी काही बोललं नाही, कारण सवय झाली की माणूस वाघाच्या शेजारीसुद्धा डबा उघडून बसतो.

हौशीराम केंदूरचा. वयानं फिरोजपेक्षा मोठा, म्हणून फिरोज त्याला आप्पा म्हणायचा. गावातल्या भजनी मंडळात टाळ धरून पहिल्या रांगेत उभं राहणारा आणि बोलण्यात कुणाला न ऐकणारा गडी. फिरोजची आणि त्याची जोडी इतकी जुनी होती की सुपरवायझर बदलले, मालाची नावं बदलली, पण हे दोघं त्याच मशीनच्या पुढं-मागं उभे. शेडमध्ये एवढा धडधडाट की कानात बोळे घालावे लागायचे, बोलणं अशक्य. तरी दोघांचं काम असं चालायचं जणू एकाच माणसाचे चार हात. पत्रा आत, पाय खाली, धप्प, जॉब बाहेर. पत्रा आत, पाय खाली. नवीन पोरं उभी राहून बघायची.

गिटारीचं लचांड याच हौशीरामनं लावलं. मार्चमधल्या सेफ्टी वीकसाठी ऑफिसातल्या शितल मॅडम कॅन्टीनमध्ये आल्या आणि म्हणाल्या, कार्यक्रमात सुरक्षा गीत हवंय, कुणाला काही गाता-वाजवता येतं का? गाणं मॅडमनी स्वतःच लिहिलं होतं, हेल्मेट, हातमोजे आणि सावधान यांची यमकं जुळवून.

हौशीरामनं हात वर केला. “मी म्हनतो की. आन् ह्यो फिरोज गिटार वाजवील.”

“आप्पा!” फिरोजच्या घशात घास अडकला. “मला कुठं येती गिटार?”

“घरी हाय म्हनला व्हतास.”

“घरी हाय, खिळ्याला टांगल्याली! आमच्या धाकल्या शाहरुखची हाय ती. त्यो नोकरीला बंगळूरला गेला आन् हितंच ठेवून गेला.”

“मंग खिळ्याची काढ आन् शिक. येवढा बाप्या गडी तू, सहा तारा आवरंनात व्हय तुला?”

कॅन्टीन खो खो हसलं. मॅडमनी नाव लिहून घेतलं. फिरोजचा नाइलाज झाला असं तो घरी म्हणाला, पण खरं सांगायचं तर त्याला आतून गुदगुल्या झाल्या होत्या. धाकट्या भावानं ती गिटार आणली तेव्हापासून तिच्या पोटावर बोट फिरवून बघावं असं त्याला वाटायचं. मोठ्या भावाला असलं वाटून घेता येत नाही, म्हणून गप्प बसला होता.

केडगावला शांतवन सर राहतात. शाळेतून रिटायर झालेले, चर्चमध्ये गिटार वाजवतात. फिरोज सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. सरांनी त्याचे हात उलटेपालटे करून बघितले. तळव्यांना घट्टे, नखांत तेल.

“हात चांगले आहेत,” ते म्हणाले. “सूर नंतर. आधी ठेका.”

पहिले कितीतरी दिवस सरांनी त्याला एकही सूर धरू दिला नाही. डावा पंजा तारांवर नुसता आडवा ठेवायचा म्हणजे तारा मुक्या होतात, आणि उजव्या हातानं त्या मुक्या तारांवर वर-खाली करत राहायचं. खर्र, खर्र, अंगण झाडल्यासारखा आवाज. आणि खाली पाय. उजवा पाय जमिनीवर आपटत, एक, दोन, तीन, चार. पाय खाली तेव्हा हात खाली, पाय उचलला की हात वर.

“हात तारेला लागला नाही तरी चालेल, रिकामा जाऊ दे, पण थांबवू नकोस,” सर सांगायचे. “थांबलास की मेलास. आणि पायाकडं बघू नकोस, त्याचा विचार करू नकोस. विचार केलास की मागं पडलास. पाय आपोआप पडला पाहिजे.”

फिरोज हसला. “सर, आमच्यात उलटं हाय. आत कुनाचा हात न्हाई ना, ह्ये बघितल्याबिगर पाय हलवला, तर कुनीतरी मेलंच.”

“इथं कुणी मरत नाही,” सरही हसले. “वाजव.”

आणि फिरोज वाजवायला लागला. संध्याकाळी शिफ्टहून आला की चहा घेऊन गच्चीवर. खाली बायकोची, सुफियाची भांडी, वर ह्याचं खर्र खर्र. “अहो, घासायचंच असंल तर ही कढई घ्या,” ती खालून ओरडायची. बद्रुद्दीनभाईंनी तर कानाला मफलर गुंडाळला, थंडी नसताना. पण फिरोजनं हट्ट सोडला नाही. हात थांबायचा, पाय पुढं जायचा. पाय थांबायचा, हात पुढं जायचा. बोटांची टोकं सोलून निघाली. गिटारीतला ‘जी’ सूर धरला की ‘सी’ला पोचेपर्यंत ठेका निघून गेलेला असायचा. कितीदा वाटलं, द्यावी फेकून उसाच्या फडात.

मग एका संध्याकाळी ते जमलं. कसं ते त्यालाही कळलं नाही. पाय पडत होता, हात पायाच्या मागं चालला होता, रिकामा जायचा तिथं रिकामा, वाजायचा तिथं वाजत, आणि फिरोज काही करतच नव्हता. नुसता बसला होता. सुफिया पोळ्या लाटता लाटता थांबली आणि जिन्यावर येऊन उभी राहिली. माणसाच्या अंगाला असं सुख कधी लागतं का? त्याला वाटलं, आपण एवढी वर्षं नुसती मशीनच्या तालावर नाचलो, आज पहिल्यांदा आपला ताल आपल्याला सापडला. त्याचे डोळे भरून आले.

त्या दिवसापासून पाय त्याचा राहिला नाही.

आधी त्याच्या ध्यानातही आलं नाही. जेवताना पाय हलायचा, दाढी करताना हलायचा. एकदा तळेगाव ढमढेरेच्या रस्त्यावर मागून टेम्पोवाला हॉर्न मारत आला आणि बरोबरीनं गाडी घालून कचकचीत शिवी देऊन म्हणाला, “ब्रेक मारतो का काय करतो रं? सारखं लाल दिवं!” फिरोजनं खाली बघितलं. मोटारसायकलचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. पाय आपला मजेत ठेका धरून ब्रेकवर पडत होता, एक, दोन, तीन, चार, आणि ह्या बाबाला पत्ताच नाही. त्यानं गाडी बाजूला घेतली. थोडा वेळ तो नुसता आपल्या बुटाकडं बघत उभा राहिला. आत कुणी दुसरंच असावं तसं त्याला वाटलं.

असं असूनही तो दुसऱ्या दिवशी मशीनवर उभा राहिला. का राहिला, असं विचाराल. सुट्टी मागायला जाऊन काय सांगणार? साहेब, माझा पाय गाणं म्हणतोय?

व्हायचं ते त्याच आठवड्यात झालं. जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता. फिरोजनं जॉब दाबला, साचा वर गेला, हौशीरामचा हात नेहमीसारखा मागून आत आला. फिरोज पुढचा पत्रा उचलायला वळला होता. पत्रा अजून हातातच होता. आणि पॅडल दाबलं गेलं.

धप्प.

फिरोजनं पत्रा टाकून दिला. मशीनच्या फटीतून पलीकडं हौशीरामचं तोंड दिसलं, पांढरं फटक. त्यानं हात वर धरला होता. हातमोज्याचं मधल्या बोटाचं टोक साच्यात गेलं होतं, आणि भोकातून बोटाचं वरचं पेर बाहेर आलं होतं. अख्खं. नखासकट. हौशीरामनं ते बोट हलवून बघितलं, मग दुसरी बोटं हलवली, आणि मोठ्यांदा हसला. कानातला बोळा काढून तो पुढं आला.

“हायेत रं सगळी जागंवर! आयला, म्या आज सकाळी कुनाचं तोंड बघितलं व्हतं?” मग मशीनकडं मान करून म्हणाला, “डबल मारली का हिनं?”

कधीकधी मशीनचा ब्रेक झिजला की एकदा पॅडल दाबलं तरी साचा दोनदा येतो. त्याला डबल मारली म्हणतात. हौशीराम हसत होता. आसपासची पोरं जमली होती.

“व्हय,” फिरोज म्हणाला. “डबल मारली.”

मेंटेनन्सचा भैरू आला. त्यानं मशीन उघडली, ब्रेक बघितला, क्लच बघितला, पत्रा न घालता साचा खाली-वर करत रिकामे स्ट्रोक मारून बघितले. एकदाही डबल आला नाही. “मशीनला काय धाड भरल्याली न्हाई,” तो म्हणाला. एकदा पॅडलकडं, एकदा फिरोजच्या बुटाकडं बघून त्यानं पाना उचलला आणि निघून गेला.

गिटार पुन्हा खिळ्याला गेली. केडगावला जाणं बंद केलं. सरांचा फोन आला तर पाहुणे आलेत म्हणून सांगितलं. फिरोजला वाटलं, वाजवणं थांबलं की पाय थांबेल. कसलं काय! पाय गिटारीवर थोडाच अवलंबून होता? उलट जास्तच चळला. मशीनवर फिरोज टाच रोवून कसाबसा तो आवरायचा. जेवायला बसलं की ताटाशेजारी ठक ठक. एकदा सुफियानं चिडून आपलं पाऊल त्याच्या पावलावर ठेवलं आणि दाबून धरलं. तिच्या पावलाखालीसुद्धा तो हलतच राहिला.

तिनं पाऊल काढून घेतलं. तिचा चेहरा उतरला.

“अहो, कंपनीत बी असाच हलतो का ओ?”

“तितं बूट आसतोय,” फिरोज म्हणाला.

हे काय उत्तर झालं? पण सुफिया हुशार बाई. हातमोज्याची गोष्ट हौशीरामनंच तिला फोनवर हसत हसत सांगितली होती. तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “आप्पांना सांगितलंय का तुम्ही?”

“सांगतो.”

“कवा?”

“सांगतो म्हनलं ना!”

सांगायचं होतंच त्याला. रोज सकाळी नदीच्या पुलावर तो ठरवायचा, आज आप्पाला बाजूला घ्यायचं आणि सगळं ओकून मोकळं व्हायचं. पण सांगायचं तरी काय? तुमचं बोट मशीननं न्हाई, माझ्या पायानं घेतलं असतं. मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुम्ही हसत होता, तवा मी खोटं बोललो. जीभ रेटायचीच नाही. आणि हौशीराम एवढा भोळा की रोज येऊन मशीनच्या अंगावर थाप मारायचा आणि म्हणायचा, “काय गं सटवे, आज नीट वागशील ना?” ते ऐकलं की फिरोजला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुसरा रस्ताही त्यानं बघितला. सुपरवायझर ज्ञानदेव साहेबांकडं गेला. “साहेब, मागचा सेन्सर चालू करा.”

“का? भ्यालास व्हय?”

“परवा डबल मारली.”

“भैरू तर म्हणतो मशीन ओके आहे.” साहेबांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. “करू. सेफ्टी वीकला पाहुणे येणार आहेत, तेव्हा सगळे सेन्सर चालूच करायचेत. तोवर डिस्पॅचचा माल काढू दे.”

म्हणजे पाहुण्यांसाठी सेन्सर. हौशीरामसाठी फिरोजचा पाय.

जेवणाच्या सुट्टीत हौशीराम कॅन्टीनच्या मागं नेऊन गाण्याची तालीम करायचा. गिटार आणली नाही म्हणून रागवायचा. “आरं, मानसं हसतील मला. म्या टाळ घिऊन येतो, तू गिटार आन. तालाला तू पक्का झालास म्हंजी गानं काय आपुन मारूनच न्हेऊ.” आणि तो तोंडानं ठेका धरायचा. फिरोजचा पाय लगेच त्या ठेक्यावर पडायचा. “बघ! बघ कसा पडतोय!” हौशीराम खूश व्हायचा. ज्या पायाला फिरोज भीत होता, त्याचं कौतुक हौशीराम करत होता. त्या क्षणी तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मग त्याला युक्ती सुचली. कामावर जाताना, गाडीवरच. उजवा पाय ब्रेकवर चळवळत होता आणि डावा गिअरपाशी शहाण्यासारखा गप्प होता. डावा! डाव्या पायाला सरांनी काहीच शिकवलं नव्हतं. त्याला ना ठेका माहीत ना गाणं. पॅडल डाव्या पायाखाली घेतलं तर? उजवा तिकडं नाचेना का लागेल तेवढा, जमिनीवर नाचेल.

फिरोजला एकदम हलकं वाटलं. कुणाला सांगायला नको, खोटं उघडं पडायला नको, आप्पाचा हातही वाचतो. त्यानं शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जाऊन पॅडल वीतभर डावीकडं सरकवलं. हौशीराम तेव्हा स्टोअरमध्ये नवे हातमोजे आणायला गेला होता.

सुरुवातीला काम हळू चाललं. डाव्या पायाला सवय नव्हती. दर वेळी अंगाचा भार उजव्या पायावर टाकायचा, मग डावा उचलायचा, मग दाबायचा. पण साफ चाललं. उजवा पाय जमिनीवर ठेका धरून राहिला आणि मशीनला त्याचा पत्ताही लागला नाही. एकदा तर फिरोज गालातल्या गालात हसला. म्हणाला, हाण लेका, हाण. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली.

अशा वेळी नेमकं कुणीतरी येतंच. ज्ञानदेव साहेब आले. गाडी बाहेर उभी होती, माल भरायचा होता. कानाशी तोंड आणून ओरडले, “आज पेंड खाल्ली का दोघांनी? रेट वाढवा!” आणि हात पाठीमागं बांधून तिथंच उभे राहिले.

रेट वाढला. पत्रा आत, भार उजवीकडं, डावा पाय, धप्प. पत्रा आत, भार उजवीकडं. पलीकडं हौशीराम जॉब काढून मागच्या पेटीत टाकायला वळायचा. सकाळी तो सावकाश वळेपर्यंत साचा येऊन गेलेला असायचा, आता तो वळता वळताच परत हात घालत होता. त्यानं कधी साच्याकडं बघितलं नव्हतं, इतक्या वर्षांत. बघायची गरज पडली नव्हती.

फिरोजनं पत्रा ठेवला. भार उजवीकडं टाकला. डावा पाय खाली गेला, आणि त्याच क्षणी त्याला फटीत पिवळा हातमोजा दिसला. पाय परत घेण्याएवढा वेळ नसतो. कुणालाच नसतो.

शेडमध्ये इतका आवाज होता की हौशीरामची किंकाळी फक्त फिरोजला दिसली. ऐकू आली नाही.

साहेबांनीच मशीन बंद केली. भैरूनं साचा उलटा फिरवून वर घेतला. हौशीरामला कंपनीच्या जीपमधून शिक्रापूरला दवाखान्यात नेलं. फिरोज तिथंच पॅडलपाशी बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं मशीननं परत डबल मारली. त्याच संध्याकाळी लाइनच्या सगळ्या मशीनींचे सेन्सर चालू झाले. पॅडलं कुठं गेली ते कळलं नाही. दोन दिवसांनी सेफ्टी वीकचा बॅनर गेटवर लागला, आणि शितल मॅडमनी फिरोजला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं की गाणं एकट्याला जमेल का. बिचाऱ्या बाईला काय माहीत? फिरोज गाडीला किक मारून शिक्रापूरला आला.

दवाखान्यात सिंधूबाई कॉटच्या कडेला बसल्या होत्या, हौशीरामची बायको. त्यांनी फिरोजला बघितलं आणि स्टूल पुढं सरकवलं. “बसा भाऊजी. सकाळपास्नं तुमचीच वाट बघत्यात.” हौशीरामच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. त्यांच्या टोकाला अंगठा आणि करंगळी तेवढी दिसत होती. मधलं काही दिसत नव्हतं.

हौशीरामचा आवाज खोल गेला होता, पण बोलायची हौस तीच. “काय रं, तोंड का पाडलंयस? तुझा काय गुन्हा? म्यांच घाई केली आसंल. साहेब मागं हुभा, म्या गडबाडलो.” मग त्यानं विचारलं, “का परत डबल मारली सटवीनं? तसं आसंल तर सांग. सगळी म्हनत्यात डबल मारली.”

सुटायला दार उघडंच होतं. नुसतं व्हय म्हणायचं होतं. मागच्या वेळेसारखं.

“न्हाई आप्पा,” फिरोज म्हणाला. “मशीननं डबल मारली न्हाई. तवा बी मारली नव्हती.”

सिंधूबाईंनी मान वर केली.

मग फिरोजनं सगळं सांगितलं. गिटार, ठेका, मोटारसायकलचा ब्रेक, हातमोज्याचं टोक. रडत रडत सांगितलं, शब्दाला शब्द लागत नव्हता. “म्हनून मी पाय बदलला आप्पा. तुमचा हात वाचावा म्हनून. पॅडल डाव्या पायाखाली घेतलं. आयशप्पत, तुमचा हात वाचावा म्हनून.”

हौशीराम छताकडं बघत पडला होता. रागावला नाही. रागावला असता तर फिरोजला बरं वाटलं असतं.

“डावा पाय,” तो म्हणाला. “तरीच.”

“काय आप्पा?”

“आरं, म्या मशीनकडं कवा बघतोय? म्या तुझ्या खांद्याकडं बघतो. पयल्यापास्नं. जॉब टाकून वळलो की फटीतनं तुझा उजवा खांदा दिसतो. तू पॅडल दाबलं की त्यो खाली येतो. खांदा खाली आला म्हंजी स्ट्रोक पडला, की म्या हात घालतो. त्या दिवशी बी खांदा खाली आला.” त्यानं डोळे मिटले. “पर स्ट्रोक अजून पडायचा व्हता.”

फिरोजला दर वेळी उजवीकडं टाकलेला तो भार आठवला. डावा पाय उचलायच्या आधी, दाबायच्या आधी. सिंधूबाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

हौशीराम बोलला, अगदी हळू, रोजच्या कामाचं काहीतरी सांगावं तसा.

“पाय बदलला व्हतास तर मला सांगायचं की रं. म्या खांदा बघायचं सोडलं असतं.”